पलंगाला सुतक नसतं

वन्सं, आम्हाला भेटायला म्हणून जी माणसं येतायत ना, ती घरभर बसतात, पण तुमच्या खुर्चीत कोणी बसत नाही. रविवारी हॉल गच्च भरला होता. सोफा भरला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या संपल्या, शेजारून दोन स्टुलं आणली तीही गेली. साताऱ्याचे मामा गुडघा धरून उभे, आणि त्यांच्या समोरच तुमची चाकाची खुर्ची रिकामी, पुसून लख्ख. मी म्हटलं, मामा, बसा की इथे. मामांनी असं काही बघितलं माझ्याकडे, जसं मी त्यांना सरणावरच बसायला सांगितलंय. शेवटी हातातली पिशवी तेवढी त्यांनी खुर्चीवर ठेवली, आणि जरा वेळाने काय मनात आलं कोण जाणे, तीही उचलून काखेत मारली. तुम्ही असतात तर सगळ्यांदेखत हसला असतात. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं, आणि लोकांना वाटलं मी नुसतीच रडतेय.

उद्या तुमचा दहावा. इतके दिवस देवघर बंद, फोडणी बंद, पोथी नाही, टीव्ही लावायची लाज वाटते. जेवण शेजारच्या डब्यांतून येतंय. बाईमाणसाने करायचं तरी काय? त्यातून सुतकाच्या घरी कोणी चहासुद्धा घेत नाही. कोणी आलं की हात आपोआप पातेल्याकडे जातो आणि मग आठवतं. तीस वर्षं या घरात चहा केला आणि तीस वर्षं तुमच्याकडून पाणचट ऐकून घेतला. आता पाणचट म्हणायलाही कोणी नाही, म्हणून बसलेय तुमच्याशी बोलत. तसंही आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि भांडण अर्धवट टाकून उठायची तुमची रीत नव्हती.

मी लग्न होऊन बदलापूरला आले तेव्हा तुम्ही अंबरनाथला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होतात. सासू-सासरे दोघंही गेलेले. धाकट्या भावाला तुम्हीच शिकवलंत, नोकरीला लावलंत, त्याच्यासाठी मुलगी पण तुम्हीच बघितलीत. तुमचं स्वतःचं लग्न या सगळ्यात राहून गेलं ते गेलंच. पहिल्याच दिवशी मला सांगितलंत, की मंदा, या घरात सासू नाही म्हणून खूश होऊ नकोस, दोन्ही कामं मीच बघते. आणि बघितलीत की हो. माझ्या भाकरीपासून माझ्या नवऱ्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवलीत. नवऱ्याला ठेवलेली मला आवडायची, ती गोष्ट वेगळी.

मग तो झटका आला. डावी बाजू पार गेली. तोंड मात्र शाबूत राहिलं, देवाला कुठे हात लावायचा नाही ते बरोबर कळतं. उल्हासनगरच्या हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टर ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले की सहा महिने निघाले तर बघू. आणि सिस्टरने मला सांगितलं की घरी हॉस्पिटलसारखा पलंग लागेल, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंपावर चालणारी हवेची गादी लागेल, चाकाची खुर्ची लागेल, कमोडची खुर्ची लागेल. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकले. लग्नाला मंडप कुठे मिळतो, बारशाला पाळणा कुठे मिळतो हे सांगणारी शंभर माणसं असतात. हे सामान कुठे मिळतं आणि आपल्याला परवडेल असं कुठे मिळतं, हे सांगणारा एक माणूस सापडेना. ज्यांना ठाऊक असतं ती घरं बोलत नाहीत.

उल्हासनगरच्याच कॅम्प पाचमधलं ते दुकान आठवतं का? घरी आणताना गाडी तिथेच थांबवली होती. तुम्ही मागच्या सीटवर आडव्या, खिडकीतून तुमचं नाक तेवढं बाहेर. दुकानदार सिंधी, तोंडात बडीशेप, माणूस भला. नव्या पलंगाची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. भाड्याचं विचारलं तर त्यानेच सांगितलं की वर्षभर भाडं भराल तर नव्याचे पैसे होतील आणि पलंग राहील माझा. मग तो आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे पलंगावर पलंग, खुर्च्यांवर खुर्च्या, वॉकर, काठ्या, सगळं वापरलेलं, चांगलं, स्वस्त, आणि धूळ खात पडलेलं. लोक घेत नाहीत म्हणाला. प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारतं, पहिला माणूस बरा झाला का? मग तुम्ही काय सांगता, असं ह्यांनी विचारलं, तर म्हणतो कसा, बोलता हूँ सब ठीक हो गए.

हे सगळं तुम्ही गाडीतून ऐकत होतात. तुम्ही तिथूनच हाक मारलीत त्याला.

"ओ भाई, सब ठीक हुआ ना? तो एक भी आदमी खुद के पैर से पलंग वापस देने को आया क्या?"

दुकानदाराने कानाला हात लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं. पलंग कॅम्प चारमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा. तीन वर्षं होते त्याच्यावर. रोज संध्याकाळी टेकून बसायचे, पापड खायचे, आल्यागेल्याला पापड द्यायचे, आणि दिवाळीच्या सुमारास गेले. मुलाने पलंग आणून टाकला आणि मागे वळून बघितलं नाही. तुम्ही म्हणालात, हाच द्या. त्या दिवसापासून तो पापडवाल्या काकांचा पलंग.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी घरी आल्याआल्या बोलले की वन्सं, स्वस्त मिळालं म्हणून मेलेल्या माणसाचा पलंग घरात आणायचा का? तुम्ही आडव्या झाल्या झाल्या, अंगात ताकद नाही, एक हात लुळा, तरी मला उभं केलंत समोर. म्हणालात, तुझं पोर जन्मलं तेव्हा त्याच्या अंगाला पहिलं काय लागलं? नवं घातलंस का? नाही, तुम्हीच कुळगावातल्या एका घरून जुनं झबलं मागून आणलं होतंत, कारण बाळाला पहिलं जुनेर घालतात, दुसऱ्याच्या अंगावरचं, म्हणजे ते जगतं. "येताना दुसऱ्याचं जुनं शकुनाचं, आणि जाताना तेच अपशकुनाचं? हा कुठला हिशेब, मंदा?"

मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. म्हटलं, ते झबलं जित्या पोराचं होतं वन्सं, हा माणूस गेलाय. तुम्ही म्हणालात, गेलाय ते दिसतंय, तीन वर्षं जगलाय ते नाही दिसत तुला. मी म्हटलं, शब्दात पकडू नका. तुम्ही म्हणालात, चहा टाक. ते तिथे जे थांबलं ते चार वर्षं थांबून थांबून चालूच राहिलं. मला तुमचं पटलं नाही, तुम्हाला माझं पटलं नाही, आणि तुमची पाठ मात्र त्या पलंगावर एकदाही फुटली नाही.

चाकाच्या खुर्चीची तर वेगळीच गंमत. कुणीतरी सांगितलं की अपंगांना साहित्य वाटपाचं शिबिर आहे, फुकट मिळेल. सर्टिफिकेट काढलं, तुम्हाला रिक्षात घालून नेलं, मांडवात दुपारपर्यंत बसवलं. नंबर आला तर साहेबांनी तुमच्या हातात काय दिलं, कुबड्यांची जोडी. फोटोवाला म्हणतोय, मावशी, हसा. तुम्ही हसलात. आणि साहेबांना म्हणालात, उजवी मी धरते, डावी तुम्ही धरा, चला जाऊ स्टेशनपर्यंत. मांडवात हशा पिकला, साहेबही हसले, खुर्ची काही मिळाली नाही. घरी येईपर्यंत मी तणतणत होते. तुम्ही शांत. दुसऱ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधल्या पोरीचा पाय मोडला म्हणून कळलं, तर लगेच म्हणालात, माझ्या कुबड्या पाठव. वर, पाय बरा झाला की परत आण म्हणावं, पुढचा पाय कोणाचा मोडतोय बघू.

तेव्हापासून तुम्हाला तो नाद लागला. घरी कोणीही येवो, गॅसवाला, पोस्टमन, माझ्या भिशीच्या बायका, तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. तुमच्या जिन्याखाली काय आहे? माळ्यावर काय आहे? आणि वन्सं, काय काय निघालं हो. अंबरनाथला, बदलापूरला, उल्हासनगरला, प्रत्येक दोन-तीन बिल्डिंगींत एक तरी खुर्ची साडीत गुंडाळून उभी. कुणाचे वडील गेलेले, कुणाची आई. टाकवत नाही, देववत नाही. भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही, आणि माणसाला द्यायची भीती. आणि त्याच रस्त्यावर दुसऱ्या घरात कोणीतरी प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोरी बांधून म्हातारीला संडासापर्यंत ओढतंय. तुम्ही म्हणायचात, सामान आहे गं गावात, माणसंच एकमेकांना बोलत नाहीत.

अंबरनाथच्या कर्णिकबाई अशाच सापडल्या. त्यांचे यजमान शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर खुर्ची जिन्याखाली गेली. फोनवर तुम्ही मागितलीत तर बाई आढेवेढे घ्यायला लागल्या. मग म्हणाल्या, द्यायचं म्हणजे कोणाच्या घरी आपल्याकडचं दुखणं पाठवल्यासारखं वाटतं हो. तुम्ही म्हणालात, दुखणं माझ्याकडे आधीच आहे, तुम्ही फक्त खुर्ची पाठवा. त्या स्वतःच घेऊन आल्या, चाकं धुऊन, हाताला नवीन रेक्झिन लावून. दारातच विचारलं, तुम्हाला चालेल ना? तुम्ही म्हणालात, मला चालता आलं असतं तर तुमची खुर्ची कशाला मागितली असती. बाई आधी चपापल्या आणि मग इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

मग तुम्ही त्यांना विचारलंत, सरांना काय आवडायचं? त्यांच्या जागी बसणार, जरा ओळख नको का? आणि त्या बोलत सुटल्या. सरांना रेडिओ आवडायचा, दाराशी तुंबलेल्या गटारावरून ओरडायला आवडायचं, ओल्या काजूची उसळ आवडायची. दोन वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. लोक फक्त कसे गेले ते विचारतात. ती खुर्ची चालवताना डावीकडे ओढते, ती खोड कोणालाच काढता आली नाही, मग आम्ही म्हणायला लागलो की सरांना उजवीकडे वळायला आवडत नाही.

तोच तुमचा नियम झाला. वस्तू हवी असेल तर देणाऱ्याने घेणाऱ्याच्या घरी यायचं, नाहीतर दोघांनी आपल्याकडे यायचं, बसायचं, चहा प्यायचा आणि गेलेल्या माणसाची ओळख करून द्यायची. बिनचहाचा वॉकरसुद्धा कोणाला दिला नाहीत. मी वैतागायचे. चहा मी करायचा आणि पुण्य तुमच्या खात्यात. एकदा तर बोलले पण, की वन्सं, माझा चहा पाणचट आहे ना, मग लोकांना कशाला पाजताय? तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, सवय होते लोकांना. एवढंच. वर बिस्कीट मागितलंत.

त्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले आणि तुम्ही गेला होतात. झोपेतच. गादीचा पंप आपला घुर्र घुर्र चालू. मी तुम्हाला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. ह्यांनी पंप बंद केला तेव्हा घर इतकं गप्प झालं की फ्रीजचा आवाज ऐकू यायला लागला. मला वाटायचं की इतकं सगळं केल्यावर, इतकी उठबस झाल्यावर, थोडं सुटल्यासारखं तरी वाटेल. नाही वाटलं. जेवणाच्या वेळी तुमचा वाटीभर भात काढायला हात गेला आणि रिकामाच मागे आला.

आणि आता तुमचं ते बोलणं. गेल्या महिन्यात तुम्ही मला म्हणाला होतात, की मी गेले की माझा पलंग दहाव्यापर्यंत अडवून ठेवू नकोस, लगेच देऊन टाक. मी म्हटलं, काहीतरीच काय, सुतकात कोणी आपल्या घरचं पाणी घेत नाही, पलंग कोण घेणार? तुम्ही म्हणालात, सुतक घराला असतं, पलंगाला सुतक नसतं. मी म्हटलं, असलं कुठल्या पोथीत लिहिलंय? तुमचं उत्तर आलं नाही, कारण तुम्हाला डुलकी लागली होती. मी मुद्दाम हलवलं नाही. उद्या भांडू म्हटलं.

तुम्ही गेल्यावर चार-पाच दिवसांत तुमचा फोन वाजला. वांगणीहून सविता नावाची बाई. ताई आहेत का? मी सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, राहू दे मग. मी विचारलं, काय राहू दे, सांग तरी. तिचा नवरा बिल्डिंगींना रंग द्यायचं काम करतो, परांचीवरून पडला, कमरेच्या मणक्याला मार लागला. हॉस्पिटलमधून घरी सोडलाय, फरशीवर गोधडी घालून झोपवलाय, कूस बदलता येत नाही, पाठीला लाल चट्टे दिसायला लागलेत. त्या चट्ट्यांची जखम झाली की काय होतं ते या घराला सांगायला नको. ती म्हणाली, ताईंनी शब्द दिला होता, की पलंग आणि हवेची गादी महिन्याभरात मोकळी होतेय, तुलाच देते.

मी फोन ठेवला आणि आठवायला बसले, कोणाचा पलंग मोकळा होणार होता? तुमच्या ओळखीतलं एकही घर तसं नव्हतं. मग लक्षात आलं. वन्सं, तुम्ही स्वतःचाच पलंग कबूल करून बसला होतात. मला न सांगता. माझ्या हातचा भात खात, माझ्या चहाला नावं ठेवत, मनात तुम्ही तारीख काढत होतात. इतका राग आला मला तुमचा. मी त्या पलंगाच्या कठड्याला धरून रडले आणि तुम्हाला बोल लावले, ते ऐकू आले असतील तर आलेच असतील.

ह्यांना सांगितलं तर हे ऐकेनात. हे दिवसभर तुमच्या पलंगाशेजारी बसून असायचे, हात कठड्यावर. म्हणाले, तेरावं होऊ दे, मग बघू. आणि सुतकातलं सामान कोणाच्या घरी देऊन त्यांचं काही बरंवाईट झालं तर? वर गुरुजींनी तेराव्याला शय्यादान सांगितलंय, त्यासाठी हे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात नवीन पलंग आणि गादी बघून आलेले. मी म्हटलं, छान. जी बाई जळून गेली तिला वर झोपायला नवा पलंग, आणि वांगणीला जिता माणूस फरशीवर. हे म्हणाले, मंदा, तूच चार वर्षं म्हणत होतीस की मेलेल्याचं सामान नको. मी म्हटलं, मी अजूनही तेच म्हणते. पण शब्द माझ्या नणंदेने दिलाय, आणि दहाव्याला तुम्ही घाटावर उभे राहणार आहात. जाणाऱ्याची इच्छा राहिली की कावळा पिंडाला शिवत नाही, हे तुम्हाला मी शिकवायला नको. तुमच्या बहिणीने जितेपणी कोणाचं ऐकलं नाही. उल्हास नदीच्या काठी संध्याकाळपर्यंत कावळ्याची वाट बघत बसा, मला सांगायला येऊ नका.

हे उठले आणि पाना शोधायला लागले. गुरुजींना फोन मीच केला. ते म्हणाले, त्यांचाच पलंग गरजवंताला जातोय, यापेक्षा मोठं शय्यादान कुठलं? वर फक्त नवी चादर घाला.

काल टेम्पो केला. पलंग सुटा करून, गादी गुंडाळून, पंप माझ्या मांडीवर. वांगणीला त्या नव्या स्वस्तातल्या बिल्डिंगी आहेत ना, तिथे तळमजल्यावर त्यांची एक खोली. आम्ही उतरलो तर दारातच सविताची सासू आडवी. कर्जतकडच्या खेड्यातली म्हातारी, ठेंगणी, कपाळावर आडवं गोंदण. तिला सुनेने सांगितलं होतं वाटतं. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. आत खोलीत तिचा मुलगा दिसत होता, भिंतीकडे तोंड करून, कण्हत. पंचविशीतला, तिशीतला असेल. म्हातारी म्हणाली, "सुतकाचा पलंग नको गं बाय. माझा एकच पोर हाय."

तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. तुमच्याशी चार वर्षं हेच बोलले. हे मागे टेम्पोला टेकून उभे, मान खाली. सविता दाराआड डोळे पुसत होती. मग मी तुमचा नियम पाळला. म्हटलं, नका घेऊ, पण ज्या बाईने तो देते म्हणून सांगितलं होतं तिची ओळख तरी करून घ्या. आणि तिथे उन्हात उभी राहून सांगत सुटले. औषधांचा कारखाना सांगितला, कुबड्यांचं सांगितलं, कर्णिकबाईंचं सांगितलं, आणि ते जुनेराचं सांगितलं, तुमच्याच शब्दांत. आणि हेही सांगितलं की मला ते पटलेलं नाही, कारण झबलं जित्या पोराचं असतं.

म्हातारी जुनेराला थबकली. म्हणाली, जुनेर कोणाच्याही घरचं नाही मागत, ज्या घरात पोरं वाचतात, त्याच घरचं मागतात. मग जरा विचार करून तिने मला विचारलं, "डाक्टरनी तिला किती दिस सांगितलं व्हतं?" मी म्हटलं, सहा महिने. "नि किती काढलं तिनं, या पलंगावं?" मी म्हटलं, चार वर्षं. म्हातारीने टेम्पोकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मंग ह्यो वाचणारीचा पलंग हाय," म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.

वन्सं, चार वर्षं आपण दोघी भांडलो आणि निकाल लावला वांगणीच्या त्या म्हातारीने, एका दमात. तुम्ही म्हणत होतात जुनं आहे, मी म्हणत होते मेलेल्याचं आहे. तिने विचारलं, जगली किती? मी हरले, असं समजा हवं तर. तुम्हाला आनंद होणार असेल तर मी तेही कबूल करते.

ह्यांनी पलंग जोडला. स्वतः गुडघ्यावर बसून एकेक बोल्ट आवळला, वर नवी चादर घातली. शेजारची दोन माणसं बोलावून त्या पोराला अलगद उचलून ठेवलं. पंप सुरू केला आणि ते घुर्र घुर्र ऐकू आलं. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. ह्यांनी डोक्याकडचं हँडल फिरवून दाखवलं आणि त्याला म्हणाले, हे जरा जड फिरतं, जोर लावावा लागतो, आमची ताईपण तशीच होती. तेव्हा तो हसला. मग त्यानेच विचारलं, काका, ताई कशा होत्या? आणि तुमचा भाऊ, जो तुम्ही गेल्यापासून तुमच्या आठवणींचं अक्षरही बोलला नव्हता, तो पाऊण तास बोलला. शाळेत जाताना तुम्ही त्याचा डबा कसा धरायचात, पहिला पगार घेऊन त्याला कसे बूट आणलेत, सगळं. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, त्यातलं अर्धं मला ठाऊक नव्हतं.

निघताना त्या पोराने पुन्हा हाक मारली. डॉक्टर म्हणतात त्याच्या पायांना मुंग्या येतात ते लक्षण चांगलं आहे, वर्षभर लागेल, पण उठेल. तो म्हणाला, काकी, उठलो ना, की हा पलंग मी स्वतः तुमच्या घरी आणून देईन, माझ्या पायाने. कॅम्प पाचच्या त्या दुकानासमोर गाडीतून नाक बाहेर काढून तुम्ही विचारलेलं आठवलं. वन्सं, एक माणूस येणार आहे. मला नुसतं वाटतंय असं नाही, मी त्याला बजावून आलेय की यायचंच. आणि खुर्ची अजून आपल्याकडे आहे, तिला पण कर्णिकबाई घर बघतायत. म्हातारीलाही सांगून ठेवलंय, तेरावं झालं की सगळ्यांनी बदलापूरला यायचं, बसायचं. तिने विचारलं, काय करायला? मी म्हटलं, चहा प्यायला, आमच्याकडे पद्धत आहे.

आज सकाळपासून हे विचारतायत की उद्या पिंडाशेजारी काय काय ठेवायचं, ताईला काय आवडायचं. शेव आणलीय, पेढा आणलाय, मामांनी साताऱ्याहून कंदी पेढे आणलेत ते वेगळे. हे सगळं ठेवा म्हटलं. पण मी थर्मासमधून एक कप नेणार आहे. तीस वर्षं तुम्ही त्याला चांगला म्हणाला नाहीत, आणि तीस वर्षं दुसऱ्या कोणाच्या हातचा घेतला नाहीत, हे मला काल टेम्पोत बसल्यावर कळलं. पलंग गेला, शब्द पाळला, आता तुमचं काही राहिलेलं नाही. तेव्हा उद्या घाटावर उगाच ताटकळत ठेवू नका. लवकर या. चहाला नावं ठेवायला तरी या.